आमच्या निर्णयाचे धनी आम्हालाच राहू द्या: नागपूर अधिवेशनाला येणाऱ्या आमदारांना खुले पत्र

प्रति,
विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
विधान भवन, नागपूर

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही हिवाळी अधिवेशनाला नागपुरात उतरता तेव्हा आमच्याकडे कापसाचा दुसरा वेचा सुरू असतो. सीतादही, म्हणजे पहिल्या वेच्याची पूजा, होऊन महिना-दीड महिना झालेला असतो, तूर शेंगांवर असते आणि रात्री पेनगंगेच्या काठाने जागलकऱ्यांच्या शेकोट्या दिसतात. १९५३ च्या नागपूर करारात ठरलं म्हणून वर्षातून एकदा सरकार आमच्या बाजूला येतं. एरवी आमचं म्हणणं मुंबईपर्यंत पोचेस्तोवर हंगाम निघून जातो, म्हणून हे पत्र आत्ता लिहिते आहे.

माझं माहेर चंद्रपूर जिल्ह्यात, ब्रह्मपुरीकडे, झाडीपट्टीतलं, धानाचं. सासर यवतमाळ जिल्ह्यात, पेनगंगेच्या अलीकडच्या काठावर, कापसाचं. सात एकर कोरडवाहू आहे आणि सातबारा सासूबाईंच्या नावावर आहे. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती, त्या वेळी सासऱ्यांनी स्वतः तलाठ्याकडे जाऊन ती जमीन त्यांच्या नावे केली. तसं करायला त्यांना कुठला कायदा सांगत नव्हता, दंड नव्हता, अनुदानही नव्हतं. शरद जोशी म्हणाले, ज्या घरच्या लक्ष्मीच्या कष्टावर शेत उभं आहे तिचं देणं फेडा, आणि गावागावांत माणसं उठून तलाठ्याकडे गेली. ज्या गावात शंभर बायांच्या नावे जमीन झाली ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. सासूबाई आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचा सातबारा पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूखाली घडी करून ठेवलेला आहे.

हे आधी सांगायचं कारण असं की आमच्यासाठी तुम्ही जे कायदे करता, त्यांत बहुधा एकच समजूत दिसते: गावातल्या माणसाला आपलं भलं कळत नाही, त्याला कुणीतरी आवरायला हवं. काय पेरावं, कुठे विकावं, म्हाताऱ्या बैलाचं काय करावं, रात्री काय पाहावं, कुणाशी लग्न करावं, प्रत्येक ठिकाणी एक परवानगी. आणि परवानगी आली की ती देणारा साहेब आला, त्याची मर्जी आली.

सासऱ्यांची एक गोष्ट घरात अजून सांगतात. १९७२ पासून पुढे सुमारे तीन दशकं महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती. पिकवलेला कापूस सरकारी योजनेलाच द्यायचा, व्यापाऱ्याला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. पैसे हप्त्याहप्त्याने मिळत. नदीपलीकडे, परराज्यातला, आदिलाबादचा बाजार आम्हाला जवळ. एका वर्षी तिकडे भाव बरा होता आणि घरात नणंदेचं लग्न काढलेलं. सासऱ्यांनी रात्री गाडी जुंपली, बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढून ठेवल्या. नदीच्या आधीच गाडी अडवली गेली. पहाटे ते परत आले ते न बोलताच. स्वतःच्या शेतातला कापूस, स्वतःची गाडी, आणि घंटा काढून न्यावा लागला, हे त्यांना मरेपर्यंत लागून राहिलं. ती योजना सुरू झाली ती शेतकऱ्याला व्यापाऱ्यापासून वाचवायला. तिने सासऱ्यांना कुणापासून वाचवलं ते मला आजही कळलेलं नाही.

आता एकाधिकार गेला, पण नाकं वेगळ्या जागी उभी आहेत. २० डिसेंबर २०२१ ला सोयाबीन आणि हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे बंद केले गेले आणि मग मुदतीमागून मुदत वाढत गेली. पुढे भाव काय राहील याचा अंदाज देणारी ती एक खिडकी होती. तुरीचा भाव चढू लागला की साठ्यावर मर्यादा येते. ऑगस्ट २०२५ मध्ये, आमचा कापूस बोंडावर असताना, आयातीवरचं ११ टक्के शुल्क काढून टाकलं. त्यावर आमच्या भागात बरीच ओरड झाली आणि ते शुल्क परत लावा अशी निवेदनं गेली. मी त्यावर सही केली नाही, याचा काही शेजाऱ्यांना राग आहे, म्हणून कारण सांगते. गिरणीवाल्याला जगातून स्वस्त कापूस आणायची मोकळीक असावी, हे मला मान्य आहे. मग मलाही माझा माल जगात कुठेही, कधीही न्यायची तीच मोकळीक हवी. २०२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला तेव्हा लगेच निर्यात थांबवा म्हणून मागणी सुरू झाली होती. कांद्याची निर्यात डिसेंबर २०२३ मध्ये खरोखरच बंद केली. येणाऱ्यासाठी दार उघडं आणि जाणाऱ्यासाठी बंद, यात गिऱ्हाइकाचं भलं असेल, पण त्याची किंमत माझ्या घरातून जाते. हे केंद्राचे विषय आहेत असं म्हणून तुम्ही सुटू नका. सभागृहात ठराव करायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही.

बियाण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण त्यात आम्हा बायांची कंबर गुंतलेली आहे.

जुलैत झड लागली की आठ-आठ दिवस काळ्या मातीत डवरा चालत नाही. तण कापसाच्या डोक्यावर जातं. उघाड मिळाली की सगळ्या गावाला एकाच वेळी निंदायला बाया हव्या असतात, आणि त्या मिळत नाहीत. वाकून निंदण मी केलं आहे, सासूबाईंनी तर आयुष्य त्यात घातलं. तणनाशक सहन करणारं कापसाचं बियाणं जगात कित्येक वर्षांपासून आहे. आपल्याकडे त्याला मान्यता नाही. कंपनीने आपला अर्जच २०१६ मध्ये मागे घेतला. तरी ते बियाणं आमच्या गावात येतं, आणि त्याला आम्ही नाव ठेवलं आहे चोर बीटी. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी उघडपणे, दिवसाढवळ्या, हे बियाणं पेरून सविनय कायदेभंग केला. त्या वेळी पर्यावरण संरक्षण कायद्यात यासाठी पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक लाखापर्यंत दंड होता. चोरी करणारा माणूस आधी सांगून, लोक जमवून चोरी करत नाही.

आम्हीही तीन वर्षांपूर्वी दोन पाकिटं आणली. ना कंपनीचं नाव, ना लॉट नंबर, ना बिल. एका पाकिटातलं निम्मंही उगवलं नाही. बिलाचं बियाणं असतं तर तालुक्याला तक्रार केली असती, पंचनामा मागितला असता. इथे कुणापुढे जाऊन काय सांगायचं? बंदीमुळे ते बियाणं गावात यायचं थांबलं नाही, आमच्या हातातली पावती मात्र गेली. दुबार पेरणीचे पैसे कानातलं ठेवून आणले.

तुमच्यातले काही जण म्हणतील की यातून निंदणाऱ्या बायांचा रोजगार जाईल. मी हे सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "माय, पन्नास वर्सं निंदलं म्या. माह्या कमरेले इचार, हा कायदा कोनासाठी हाय."

दुसरा आक्षेप खरा जड आहे. २०१७ मध्ये आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. त्या वर्षी कापूस माणसाच्या डोक्याएवढा वाढलेला, बोंडअळीने लोक हैराण, तीन-तीन औषधं एकत्र करून फवारत होते, अंगावर साधा शर्ट. आमच्या शेजारच्या गावातला एक जण त्यात गेला, त्याची बायको आज माझ्यासोबत कापूस वेचते. तेव्हा मोकळीक म्हणजे वाटेल ते विष वाटेल तिथे मारा, असं माझं म्हणणं कधीच नव्हतं. डब्यावर मराठीत स्पष्ट लिहिलेलं असावं, खोटा माल विकणाऱ्याला भरपाई द्यावी लागावी, माझ्या फवाऱ्याने शेजाऱ्याचं पीक जळलं तर मला द्यावी लागावी, आणि विषबाधेवरचा इलाज जवळच्या दवाखान्यात असावा. ही सरकारची कामं आहेत आणि ती पुरेशी मोठी आहेत. जो माल सगळे छुप्याने वापरतात त्यावर कसलं लेबल आणि कसली जबाबदारी? आणि बोंडअळीला तोंड देणाऱ्या बीजी-२ या बीटी बियाण्याला २००६ मध्ये मान्यता मिळाल्यानंतर आमच्या हातात नवीन काही आलं नाही. गुलाबी बोंडअळी मधल्या काळात ते पचवायला शिकली.

बैलाविषयी लिहिताना मला सांभाळून लिहावं लागतं, कारण मी बैलावर माया करणाऱ्या घरातली आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते, तुपा-हळदीने खांदे शेकते ते मीच. मार्च २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदीत बैल आणि वळूही आले, पाच वर्षांपर्यंत कैद. त्याआधी म्हातारा बैल गुरांच्या बाजारात विकला की नव्या जोडीच्या पैशात थोडी भर पडायची. तो पुढे कुठे जातो हे आम्हाला माहीत होतं, आणि तो दिवस घरात जड जायचा. पण नवी जोडी यायची. २०१५ नंतर आमचा ढवळ्या थकला, दोनदा बाजारात नेला, कुणी दोर धरला नाही. मग तीन वर्षं कुटार आणि ढेप घालून सांभाळला, दुष्काळाच्या वर्षीही, आणि तो आमच्याच गोठ्यात गेला. त्याच्यावर खर्च झाला याचं दुःख नाही. पुढची जोडी घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र नवरा म्हणाला, आता नको. भाड्याच्या ट्रॅक्टरने वाही करतो. गोठा रिकामा आहे, पोळ्याला आम्ही मातीचे बैल पुजतो, आणि गल्लीतल्या आणखी चार घरांची हीच गोष्ट आहे. गाव ज्या गुरांना सोडून देतं ती रात्री तुरीत शिरतात.

ज्याला गाय-बैल शेवटपर्यंत सांभाळायचे आहेत त्याने जरूर सांभाळावेत, त्याच्यापुढे मी हात जोडते. पण त्याच्या श्रद्धेचा खर्च सात एकरवाल्याने कायद्याच्या धाकाने का भरावा? मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये ही बंदी कायम ठेवली, तरी परराज्यातून आणलेलं मांस बाळगणं गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. माणसाने घरात काय खावं हा त्याच्या खासगीपणाचा भाग आहे, एवढं न्यायालयाने मानलं.

याच बैलासाठी तुम्ही आमच्या बाजूने उभे राहिलात, तेही नोंदवते. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, बंद झाले. तुम्ही २०१७ मध्ये कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये पट पुन्हा सुरू झाले आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्का मारला. मधल्या सात वर्षांत माझ्या माहेरची मंडई सुनी होती. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई भरते, दिवसा पट, रात्री नाटक, घरोघर पाहुणे. माझी सोयरीक अशाच एका मंडईत जुळली.

ते नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. दिवाळीपासून होळीपर्यंत गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाहून मंडळ्या निघतात आणि चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियातली गावं रात्रभर जागतात. लोक तिकीट काढून येतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या गावात फटाके वाजले. आता कायद्यात पाहा. नाटकाची संहिता आधी मुंबईच्या परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून आणायची. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, आणि सरकारने सूट दिली तरी ती वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, मध्यरात्रीपर्यंत. म्हणजे झाडीपट्टीचं नाटक कायद्याने उभंच राहू शकत नाही. ते उभं राहतं, कारण ठाण्यातले साहेब समजून घेतात. माझे वडील नाटक मंडळात होते. प्रयोगाच्या दिवशी त्यांना मी दोनदा ठाण्याच्या ओट्यावर दुपारभर बसलेलं पाहिलं आहे, टोपी हातात घेऊन. जो कलाकार रात्री राजाचं काम करणार होता तो दुपारी असा बसलेला, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. आवाज किती वाजेपर्यंत चालावा हे त्या गावच्या ग्रामसभेने ठरवावं. म्हातारी माणसं, आजारी माणसं कोणत्या घरात आहेत हे तिला ठाऊक असतं.

आणि हो, अलीकडे नाटकांबरोबर डान्स हंगाम्याचेही कार्यक्रम होतात. मला ते आवडत नाहीत. गेल्या वर्षी मी आणि भाची मधूनच उठून आलो. ते बंद करा म्हणून निवेदन घेऊन काही मंडळी आली तेव्हा मी सही नाकारली. मला न आवडलेली गोष्ट मी पाहिली नाही, माझं काम तिथे संपलं. त्या पोरी आपल्या मेहनतीचे पैसे घेतात.

दारूचा विषय मला सोपा नाही. माझा थोरला भाऊ प्यायचा. डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून हजारो बाया पायी नागपूरला तुमच्या दाराशी आल्या, त्यात माझी वहिनी होती. तिच्या पायाचे फोड मी पाहिले आहेत. १ एप्रिल २०१५ ला चंद्रपूर जिल्ह्यात बंदी आली, त्या रात्री तिने दिवे लावले. भाऊ तरीही प्यायचा. फक्त बाटली दुप्पट पैशाला येऊ लागली, कुठून येते ते कळेनासं झालं, आणि आणून देणारी गावातलीच दोन शाळकरी पोरं होती. २०२१ मध्ये बंदी उठली. वहिनी मला म्हणते, तू चूक लिहितेस, बंदी राहायला हवी होती. तिचं दुःख माझ्यापेक्षा मोठं आहे, म्हणून मी तिच्याशी वाद घालत नाही. पण तुम्हाला सांगते: तिच्या अंगावर हात पडला त्या रात्री तिने ठाण्यात फोन केला होता, आणि कुणी आलं नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ पासून आहे. जी ताकद नाक्यांवर बाटल्या शोधण्यात गेली ती त्या एका फोनला मिळाली असती, तर वहिनीला बरं वाटलं असतं. गावात दुकान नको असेल तर बाया मतदानात आडवी बाटली करून ते बंद पाडू शकतात, ती सोय चांगली आहे, ती राहू द्या. कुणाच्या घरातल्या पेल्यावर पहारा ठेवणं मात्र तुम्हाला जमलेलं नाही आणि जमणार नाही.

माझ्या मुलीची मैत्रीण गेल्या वर्षी परधर्मातल्या मुलाशी लग्न करून पुण्याला गेली. दोघं सज्ञान, दोघं कमावते. विशेष विवाह कायद्यात तीस दिवस नोटीस लावावी लागते, ते तीस दिवस त्या पोरीने कसे काढले ते तिलाच माहीत. त्यात तुमच्या सरकारने १३ डिसेंबर २०२२ ला आंतरधर्मीय लग्नांसाठी समन्वय समिती काढली. पोरीला घरच्यांशी बोलायचं असेल तर ती बोलेल. सरकारने मध्ये बसायचं कारण काय?

अकोली जहागीरचा कायदेभंग वर लिहिलाच आहे. २०२४ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक आलं, त्याच्या मूळ मसुद्यात प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करायला उत्तेजन देणं हेसुद्धा बेकायदेशीर कृत्यात धरलं होतं. संयुक्त समितीकडून फिरून ते जुलै २०२५ मध्ये तुम्ही मंजूर केलं. नक्षलवादाची झळ माझ्या माहेरच्या बाजूने पाहिली आहे, बंदुकीला माझी कसलीही सहानुभूती नाही. पण बियाणं पेरणारे शेतकरी, रास्ता रोकोत बसलेल्या माझ्या सासूबाई, यांच्यावर उद्या हे शब्द कुणी लावणार नाही याची हमी मला कलमात लिहिलेली हवी. मंत्र्यांनी सभागृहात दिलेलं आश्वासन पुरत नाही.

विश्वास टाकला तर काय होतं, याचं उदाहरण वडशाच्या पलीकडेच आहे. १९२७ च्या वन कायद्यात बांबू हे झाड होतं, त्यामुळे तो तोडायला आणि न्यायला वन खात्याचा पास लागायचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला, म्हणजे त्यावर गावाचा हक्क आला, तरी पासबुक खात्याकडेच राहिलं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ते मागत राहायचं सोडलं नाही, आणि २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार", हे त्या गावचं वाक्य. ग्रामसभेने आपला बांबू आपण विकला, मजुरी चुकती केली, हिशेब सभेत वाचला. जंगल उभं आहे. मी स्वतः जाऊन पाहिलं आहे.

लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये आमच्या गावात बहुतेक बायांना येतात, आणि ज्यांना ते लागतात त्यांना मी नावं ठेवत नाही. पण कीटकनाशकाच्या डब्यावर मी १८ टक्के कर भरते, आणि भाव चढला की तो पाडला जातो. "भीक नको, हवे घामाचे दाम", ही घोषणा सासूबाईंना अजून पाठ आहे, नातवंडांची नावं विसरतात तरी.

माझी मागणी लहान आहे. या अधिवेशनात तुमच्यापैकी प्रत्येकाने एखादं अशासकीय विधेयक असं मांडावं, ज्याने शेतकऱ्यावरची, कलाकारावरची किंवा सज्ञान माणसावरची किमान एक परवानगी कमी होईल. कुठून सुरुवात करायची हे कळत नसेल तर नाटकाच्या परिनिरीक्षणापासून करा, ते पूर्ण तुमच्या हातात आहे. माझे वडील आता पंचाहत्तरीचे आहेत. या मंडईत त्यांना पुन्हा एकदा मंचावर उभं राहायचं आहे, आणि ठाण्यात अर्ज घेऊन जायचं काम या वेळी माझ्याकडे आलं आहे.

आपली,
एक कापूस उत्पादक शेतकरी
पेनगंगाकाठ, जिल्हा यवतमाळ